डावीकडे काय आहे

घर बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला तीनच प्रश्न विचारले. कामाची जागा कुठे, सकाळी किती वाजता निघता, आणि प्रवासात झोप लागते का. मी म्हटलं, परदेशीपुऱ्यात, पावणेनऊला, आणि नाही लागत. ते खूश झाले. पाहुणे किती येतात, मांसाहार करता का, लग्न कधी, असं त्याआधीच्या चार घरांत जे जे विचारलं गेलं होतं त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मी जिना उतरताना मात्र मागून आवाज आला, "बोलता ना तुम्ही? आमचे आधीचे भाडेकरू फार कमी बोलायचे. जमलंच नाही."

एकट्या माणसाला सोबत हवी असेल, असं वाटून मी सामान आणलं. सांगलीहून इंदूरला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. परदेशीपुऱ्यात दाबमापक बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे तयार माल तपासायचं माझं काम. छत्रीबागेतल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्या माझ्या, खाली घरमालक काका एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बंगळूरला.

आणि पोर्चमध्ये गाडी. फिक्या पिस्त्याच्या रंगाची, गोल पाठीची, माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठी. पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या बाजूला. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढची सीट एकसंध, बाकासारखी. कुठल्या कंपनीची, असं कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "कंपनी कधीचीच गेली. आता ही आमची आहे." बोनेटवरचा नावाचा बिल्लाही त्यांनी काढून टाकला होता. तिथे दोन भोकं तेवढी उरली होती.

पहिल्याच सोमवारी सकाळी खालून हाक आली, "चला, मी त्याच बाजूला जातोय." त्यांना त्या बाजूला काहीही काम नसायचं, हे मला नंतर कळलं. मला सोडायचं, ठरलेल्या दुकानी उभ्याउभ्या पोहे खायचे आणि परत यायचं, एवढाच त्यांचा दिवसाचा मोठा कार्यक्रम. पण तो चुकायचा नाही. दिवाळीचा पाडवा असो, मला सुट्टी असो, बाहेर कडाक्याचं ऊन असो, पावणेनऊला गाडी निघणार म्हणजे निघणार.

त्यामागे घराण्याची परंपरा होती. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेवर होते, घोडे सांभाळायचे. घोडा रोज फिरवावा लागतो, हे त्या घरात चार पिढ्या लहान मुलाला शिकवत आले होते. "घोडा एक दिवस बांधून ठेवला तर कुणाला कळत नाही. दोन दिवस ठेवला तर घोड्याला कळतं. तिसऱ्या दिवशी तो स्वाराला कळवतो." गाडीचंही तेच, असं त्यांचं म्हणणं. एकदा जुन्या गाड्यांची रॅली भरवणारे दोघंजण एकसारखे टी-शर्ट घालून घरी आले. रंग मूळचाच आहे का, सीटचं कापड मूळचं आहे का, असं विचारत गाडीभोवती फिरत राहिले. काकांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं की तुमच्या गाड्या वर्षातून किती दिवस चालतात. दोन दिवस, ते म्हणाले. बाकी दिवस कव्हरखाली असतात. "मग जेवायलाही दोनच दिवस बसत जा ना, भिया," काका इंदुरी थाटात म्हणाले. ते परत आले नाहीत.

मी जन्माची भित्री. लहानपणी झोपाळ्यावरून उतरताना कुणीतरी धरावं लागायचं. त्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा पट्टा शोधला. तो नव्हताच. काकांनी दार लावलं, उजव्या हाताने डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं, "चला बाईसाहेब" असं म्हणाले. मी "हो" म्हटलं. ते गाडीशी बोलत होते.

ते सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. गाडीला, गल्लीतल्या कुत्र्याला, अंगावर येणाऱ्या मॅजिक टेम्पोवाल्यालासुद्धा. "तुम्हाला फार घाई दिसते," असं खिडकीतून अदबीने सांगायचे. काचा सदोदित खाली. डिसेंबरातही. मी शाल गुंडाळून कुडकुडत असायचे, तर म्हणायचे, "काच वर केली की गाडी बहिरी होते." आणि खरंच ते गाडी कानाने चालवायचे. जवाहर मार्गावरच्या त्या गोंगाटात त्यांना मागून येणारी बस किती अंतरावर आहे ते कळायचं. इंजिनाच्या चार सुरांतला एक कोमल लागतोय म्हणून ते भर चौराह्यावर गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडायचे आणि आत न बघताच बोटांनी चाचपून सैल वायर शोधायचे. मी थक्क व्हायचे. आत न बघता, हे शब्द मी तेव्हा मनात कौतुकाने म्हटले होते.

त्यांचा दुसरा नियम माझ्यासाठी होता. शेजारी बसणाऱ्याने रस्ता बोलायचा.

"डावीकडे काय आहे?" असं ते पहिल्या वळणावरच विचारत. मी सांगायचे, फळांची गाडी, त्यापुढे दोन मोटरसायकली, एक बाई उतरतेय. "बोलत राहा." मग मी बोलत राहायचे. गप्प झाले तर ते म्हणायचे, "गाडीत गप्प बसणं म्हणजे जेवणाच्या ताटावर फोन बघणं. रस्ता चाखत जा, बेटा." बेटा म्हणून पुढे पुन्हा "तुम्ही" म्हणायचे.

मला तो छंद वाटला. हळूहळू आवडूही लागला. कारखान्यात दिवसभर आकड्यांखेरीज बोलायचं काही नसायचं, इथे पाऊण तास मी बघेन ते सांगायचं आणि कुणीतरी ते मन लावून ऐकायचं. पटेल पुलाचा चढ लागला की काका तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात यायचे, इंजिन गळा साफ केल्यासारखं करून भरदार गायला लागायचं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मलाही आत गुदगुल्या व्हायच्या. जुनं रेक्झीन, पेट्रोल, उन्हाने तापलेला पत्रा यांचा एक मिळून वास होता. खिडकीतून वारा. लोक वळून बघायचे. भीतीही होतीच. गाडी डाव्या कडेच्या अगदी जवळून जायची, कधी कुणाच्या हँडलला घासायची तेवढी राहायची, आणि माझे पाय नसलेल्या ब्रेकवर दाबले जायचे. पण त्या गाडीत मजा कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते ते मला कधी वेगळं काढता आलं नाही. पाच-सहा महिने असे गेले.

मग तो बुधवार आला. परदेशीपुऱ्याच्या बाजारात शिरलो होतो. कारखान्यातून फोन आला, आदल्या दिवशी मी पास केलेला माल परत आला होता. मी फोनवर बोलत होते, मान खाली, मांडीवरच्या डायरीत नंबर शोधत. समोर डाव्या कडेला एक ई-रिक्षा थांबलेली. तिच्यातून एक बाई उतरत होती, एक पाय रस्त्यावर, हातात भाजीची पिशवी. मी मान वर केली तेव्हा ती बाई बंपरपासून चार-पाच हातांवर होती आणि गाडी सरळ तिच्याकडे चालली होती. वेग कमी झाला नव्हता. काका समोर बघत होते, शांतपणे, पुलाच्या चढावर असायचे तसे.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. ब्रेक लागला. पिशवी बंपरखाली गेली, बाई मागच्या मागे रस्त्यावर बसली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. टोमॅटो सगळीकडे. लोक जमले. काका उतरले, गाडीला हात लावत लावत पुढून वळसा घालून आले आणि उभे राहिले. त्या बाईच्या अगदी जवळ. ती त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून, जमलेल्यांच्या गलक्यात, त्यांना वाट्टेल ते बोलत होती. आणि त्यांनी मान माझ्याकडे वळवून हळूच विचारलं, "कुठे आहेत त्या? लागलं का त्यांना?"



त्यांनी आवाजाच्या दिशेने हात जोडले. मी टोमॅटो वेचले, बाईला पाणी दिलं, दवाखान्यात नेते म्हटलं. ती नको म्हणाली आणि बडबडत गेली. आम्ही गाडीत बसलो. त्यांचे हात चाकावर स्थिर होते.

"तुम्ही आज बोलला नाहीत," ते म्हणाले.

रागाने नाही. चहात साखर कमी पडली हे सांगावं तसं. तेवढ्या एका वाक्यात माझे सहा महिने उलटेपालटे झाले. घर बघायला गेले तेव्हाचे ते तीन प्रश्न. कमी बोलणारे आधीचे भाडेकरू. उघड्या काचा. मला वाटत होतं मी रस्त्याचं वर्णन करतेय. मी रस्ता दाखवत होते. आणि ज्या दिवशी मला खोकला होता, ज्या दिवशी मी रुसून अर्धा रस्ता गप्प बसले होते, त्या दिवशी डावीकडे कोण कोण होतं, ते मी त्या रात्रीपर्यंत एकेक करून आठवत राहिले.

संध्याकाळी मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. काचबिंदू. डावा डोळा चार वर्षांपूर्वीच गेला. उजव्याने समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तेवढंच, आणि नळी बारीक होत चालली आहे. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं होतं. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं.

"तिला सांगू नका. ती येऊन घेऊन जाईल मला. मतलब, प्रेमानेच घेऊन जाईल."

मी म्हटलं, आज ती बाई मेली असती. ते म्हणाले, "तुम्ही असताना नाही व्हायचं असं."

दुसऱ्या दिवशी मी सिटी बसने गेले. वाटलं, डोळे म्हणजे मीच असेन तर डोळ्यांशिवाय ते निघणार नाहीत. बसस्टॉपवर उभी असताना गल्लीच्या तोंडातून ती पिस्ता रंगाची गाडी बाहेर पडली. आत एकटे काका. डावी सीट रिकामी. ते माझ्यासमोरून, मला न बघता, गर्दीत मिसळून गेले. त्या दिवशी मी एकही मापक नीट तपासला नाही. बाहेर रुग्णवाहिकेचा आवाज आला की दाराशी जायचे. दुपारी घरी फोन केला आणि त्यांनी उचलला तेव्हा काही न बोलता ठेवून दिला.

म्हणून मी परत त्यांच्या शेजारी बसायला लागले. आता बोलणं छंद नव्हता. घराच्या फाटकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत मी श्वास न घेता बोलत असे. सायकल, कुत्रं, मुलगा, खड्डा, बस थांबतेय, अजून थांबतेय, आजी रस्ता ओलांडतायत, थांबा, थांबा, आता चला. उतरले की घसा कोरडा आणि पाठ घामाने ओली. आणि मग ते एकटे परत जायचे, ते वेगळंच. घरी पोचलो असा त्यांचा फोन येईपर्यंत मी काम सुरू करत नसे. अकरा दिवस असे काढले. मुलीचा नंबर माझ्याकडे होता, भाड्याच्या कागदावर. रोज लावायचे आणि वाजण्याआधी कट करायचे. तिला सांगितलं तर त्यांचं आयुष्य मी संपवलं असं होणार होतं. नाही सांगितलं तर दुसऱ्या कुणाचं.

बाराव्या दिवशी सकाळी मी उजव्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला. "चावी मला द्या, काका."

"येते तुम्हाला?"

"नाही."

"मग आपण दोघं सारखेच की," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

माझ्याकडे लायसन्स होतं. आईच्या हट्टामुळे सांगलीत तीस दिवसांचा क्लास केला होता आणि शेवटच्या दिवशी गाडी दुधाच्या कॅनांवर घातली होती. त्यानंतर बारा वर्षं चाकाला हात लावला नव्हता. मी त्यांना म्हटलं, गाडी रोज चालली पाहिजे ना? चालेल. तुम्ही शिकवा. नाहीतर आत्ता, तुमच्यासमोर बंगळूरला फोन लावते. धमकी देताना माझाच आवाज चिरकत होता. काका बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग चावी दिली. हातात नाही, बोनेटवर ठेवली.

दोन रविवार आणि मधल्या सगळ्या दिवशी पहाटे, मी कामावर बसने जाण्याआधी, लालबागजवळच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मला शिकवलं. शिक्षक म्हणून ते कठोर होते. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडायचा नाही, मी तो खरडला की ते स्वतःचा दात दुखल्यासारखा चेहरा करायचे. कुठला गिअर कधी, ते आकड्यांत सांगायचेच नाहीत. "ऐका. ती मागतेय." मला काही ऐकू यायचं नाही. भीतीने कानात माझंच रक्त वाजत असायचं. दुसऱ्या रविवारी एकदा, एकदाच, मी न विचारता योग्य वेळी गिअर बदलला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पुढे सरकली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

सोमवारी आम्ही खऱ्या रस्त्यावर निघालो. मी उजवीकडे, ते डावीकडे. छत्रीबागेतून बाहेर पडलो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं की काका घाबरलेत. दोन्ही हात डॅशबोर्डवर. कपाळावर घाम. "समोर काय आहे? कोण आहे समोर?" मी सांगायचे, तरी पुन्हा विचारायचे. इतकी वर्षं ज्या माणसाच्या हातात चाक होतं त्याला अंधार चालला होता. आता हात रिकामे झाल्यावर तोच अंधार त्यांच्या अंगावर आला. जवाहर मार्गाच्या गर्दीत एक बस आमच्या बाजूने घसटून गेली आणि ते ओरडले, "थांबवा. मला उतरू द्या."

मी थांबवली. ते दार उघडून उतरले आणि आल्या दिशेने चालू लागले. भर रहदारीत, गाडीची कडा नाही, भिंत नाही, काही नाही. हात किंचित पुढे धरून.

मी गाडी वळवली. कशी वळवली ते मला सांगता येणार नाही, सगळा रस्ता माझ्यावर भुंकत होता. त्यांच्या मागे पोचले आणि पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, त्यांच्या मागे मागे जाऊ लागले. त्यांच्या आणि मागच्या वाहनांच्या मध्ये गाडी आड ठेवून. लोक शिव्या देत बाजूने जात होते. एक मोटरसायकलवाला ओरडला, "मैडम, गाड़ी है कि बैलगाड़ी?" काकांना ठेच लागली, ते हातगाडीवर आपटले, सावरले. मी हाक मारली नाही. हाक मारली तर ते थांबणार नाहीत, भलतीकडे वळतील, अशी मला भीती होती. तापमानाचा काटा वर चढत चालला होता. पाऊण किलोमीटर असेल. मला तो सांगलीपर्यंतचा रस्ता वाटला.

घराशी पोचल्यावर ते फाटकाला टेकून उभे राहिले. मी इंजिन बंद केलं. बोनेटखालून वाफ येत होती. ते चाचपत आले, पत्र्याला हात लावला, चटकन काढून घेतला.

"इतकी तापवायची नसते," ते म्हणाले. "दुसऱ्यात टाकायची होती."

"दुसऱ्यात टाकली असती तर तुमच्या अंगावर गेली असती."

ते आत गेले. दिवसभर दार उघडलं नाही. मी कामावर गेले नाही. वरच्या खोलीत बसून खालची चाहूल घेत राहिले. भांड्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा.

मंगळवारी सकाळी मी जिना उतरले तर काका डाव्या सीटवर बसले होते. धुतलेला सदरा, केस विंचरलेले, हात मांडीवर. मी उजवीकडे बसले. वाटेत त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. दोनदा त्यांचा हात डॅशबोर्डकडे गेला आणि त्यांनी तो परत आणला. पुलाच्या चढावर मी गिअर चुकवला, गाडी आचके देत बंद पडली, मागे रांग लागली. मी रडायच्या बेतात होते. ते म्हणाले, "मी इथे शिकलो तेव्हा तीनदा बंद पडली होती. लावा परत."

कारखान्याच्या फाटकाशी गाडी उभी केली. माझी शिफ्ट सुरू व्हायला सात मिनिटं होती. काकांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, मुलीचं नाव शोधा, मला आता अक्षरं लागत नाहीत. मी शोधून, लावून दिला. दार उघडून उतरायला लागले तर त्यांनी माझी बाही धरली.

पलीकडून आवाज आला, बाबा, या वेळेला, सगळं ठीक ना. ते नेहमीसारखं हो म्हणायला गेले. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. ती हॅलो, हॅलो करत राहिली. त्यांची बोटं माझ्या बाहीत रुतली.

"बेटा," ते म्हणाले, "दिसत नाही मला. चार वर्षं झाली. फार भीती वाटते गं."

फाटकातली शिफ्टची घंटा वाजली. मी गेले नाही.